शिट्टीचा भाव

काळे बूट हल्ली मिळत नाहीत. कॅम्पातल्या दुकानात गेलात तर पोपटी मिळतील, नारिंगी मिळतील, एक पाय निळा आणि दुसरा लाल असेही मिळतील. साधे काळे मागितले की दुकानातला माणूस आत जातो, बराच वेळ येत नाही, आणि मग धूळ झटकत बाहेर येऊन म्हणतो, "काका, हे फक्त रेफ्री लोक घेतात, म्हणून जरा महाग आहेत."

ज्या मालाला गिऱ्हाईक नाही तो स्वस्त होतो, हे मी आयुष्यभर मार्केट यार्डात पाहिलं आहे. दुपारपर्यंत उचलला न गेलेला बटाटा संध्याकाळी कुणी फुकट नेला तरी उपकार. पण रेफ्रीच्या वस्तूंना तो नियम लागू नाही. मी त्या माणसाशी इतका भांडलो की शेवटी मालक आला. मालकाने भाव कमी केला नाही, मोजे फुकट दिले. मोजे पांढरे होते. रेफ्रीला काळे लागतात.

मी गुलटेकडीला कांदा-बटाट्याचा आडत्या आहे. शेतकऱ्याचा माल माझ्या गाळ्यावर उतरतो, तो मी खरेदीदाराला विकून देतो, मधली आडत माझी. वडील याच यार्डात हमाल होते. मीही पाठीवर पोती वाहिली, मग दुसऱ्याच्या गाळ्यावर काटा धरला, मग दुसऱ्याच्या लायसनवर धंदा केला आणि शेवटी स्वतःची पाटी लावली. जे मिळालं ते भांडून मिळालं. त्यामुळे आवाज मोठा आहे आणि राग नाकावर आहे. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते दिसणारच आहे.

आणि मी हौशी फुटबॉल रेफ्री आहे. हौशी म्हणजे हौस आपली, घाम आपला आणि खर्चही आपलाच.

या फंदात मी पडलो तोही भांडणातूनच. तरुणपणी यार्डामागच्या मोकळ्या जागेत आम्ही खेळायचो. पायांत बळ होतं, डोक्यात नियम नव्हते. प्रत्येक मॅचला मी रेफ्रीशी वाद घालायचो. तो रेफ्री म्हणजे पिंटो सर. कॅम्पातल्या एका शाळेत पी.टी.चे मास्तर, उंच, सडपातळ, आवाज कधीही न चढवणारे. एकदा मी त्यांच्या अंगावर ओरडत गेलो तेव्हा त्यांनी शिट्टी गळ्यातून काढून माझ्यासमोर धरली.

"एवढं सगळं दिसतं तुला, तर लांबून कशाला बोंबलतो? ये, धर."

मी धरली. अजून सोडता येत नाही.

परीक्षेसाठी नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं. माझी बायको शोभा डिक्शनरी घेऊन मला एकेक ओळ समजावून सांगायची. परिणाम असा की आज आमच्या कोथरूडच्या सोसायटीत ऑफसाइड नीट समजलेली ती एकमेव व्यक्ती आहे. त्यामुळे तिला फसवता येत नाही. मी चिडून घरी आलो की ती पाण्याचा ग्लास पुढे करत विचारते, "अहो, पण शेवटून दुसरा खेळाडू कुठे होता?"

बाहेरच्या माणसाला वाटतं, रेफ्री म्हणजे शिट्टी वाजवत पळणारा माणूस. पळणं खरं आहे. खेळाडू दमला की चालतो, बदली मिळते; रेफ्रीला बदली नाही. पण खरी कसरत तोंडाची आहे. ते बंद ठेवायचं. यार्डात माझ्या तोंडून निघालेला पहिला भाव हा कधीच भाव नसतो, ती नुसती सुरुवात असते. मैदानावर शिट्टी वाजली की शेवट. लोक विचारतात, रेफ्री निर्णयाचं कारण का सांगत बसत नाही? कारण तुम्ही सांगायला लागलात की समोरचा बोली लावतो. "पेनल्टी नको सर, फ्री किक द्या." "यलो कशाला, वॉर्निंग द्या ना." मला तर रक्तातूनच वाटतं की मधलं काहीतरी ठरवून टाकावं. तेव्हा मी शिट्टीची दोरी बोटांभोवती करकचून गुंडाळतो. माझ्या बोटांवरचे वळ बघून शोभा ओळखते की आज मॅच कशी झाली.

हे वळण उलटंही लागतं. एकदा गाळ्यावर एका खरेदीदाराने शेतकऱ्याच्या अंगावर हात टाकला. मी ताडकन उठलो, दोघांच्या मध्ये गेलो आणि माझा हात आपसूक शर्टाच्या खिशाकडे गेला. खिशातून पिवळं कार्ड काही निघालं नाही, मसाला सुपारीची पुडी निघाली. ती मी त्याच्या तोंडासमोर उंच धरून उभा राहिलो. माझे दिवाणजी अजून ती गोष्ट यार्डात सांगतात आणि दर वेळी पुडी मोठी होत जाते.

आता खर्चाकडे येतो. पूर्वी एक काळा शर्ट, एक चड्डी, एक शिट्टी, झालं. आता संघांच्या शर्टांचा रंग आपल्याशी जुळता कामा नये म्हणून रेफ्रीने तीन रंगांचे शर्ट बाळगायचे. नोंदणीचं दरवर्षी नूतनीकरण. तंदुरुस्तीची चाचणी, तिच्याआधी डॉक्टरचं सर्टिफिकेट, ते देण्याआधी रक्त तपासणी. ऑनलाइन अभ्यासवर्ग. कोथरूडहून खराडीला जायचं तर पेट्रोल, आणि तिथे पार्किंगचे वेगळे. मानधन वाढत नाही असं नाही, वाढतं. पण ते कासव आहे, आणि ही कासवाने सशाला हरवण्याची गोष्ट नाही.

त्याहून मोठा खर्च कुठे लिहिला जात नाही. यार्डाला सुट्टी शनिवारी असते. रविवारी सगळ्यात जास्त आवक. आणि मोठ्यांच्या मॅच रविवारीच. म्हणजे आठवड्याचा सगळ्यात कमाईचा दिवस दिवाणजींवर टाकून मी दुसऱ्यांच्या शिव्या खायला जातो. शोभा एकदाच म्हणाली, पण नेमकं म्हणाली, "अहो, एवढ्या शिव्या तर यार्डात फुकट मिळतात. तिकडे पेट्रोल घालून कशाला जाता?"

एक हॉटेलवाले माझे मोठे गिऱ्हाईक होते. त्यांच्या गल्लीतल्या स्पर्धेत मी त्यांच्या पुतण्याला लाल कार्ड दाखवलं. मागून दोन्ही पायांनी घसरत आला होता, समोरच्याचा घोटा जायचा वाचला. हॉटेलवाले मॅचनंतर माझ्याशी गोड बोलले, चहा पाजला. दुसऱ्या दिवशी त्यांचा टेम्पो माझ्या गाळ्यासमोरून हळूहळू, मला नीट दिसेल असा, पुढे गेला आणि शेजारच्या गाळ्याला लागला. तो आजही तिथेच लागतो. माझा बटाटा शेजारच्यापेक्षा चांगला आहे, हे त्यांच्या आचाऱ्यालाही माहीत आहे.

हे सगळं मी धरून चाललो होतो. धंद्यात घट धरावी लागते. पण खराडीला जे झालं ते घटीत बसत नाही.

खराडीत आयटी कंपन्यांची एक लीग चालते. हिरव्या प्लास्टिकच्या गवताचं मैदान, चारही बाजूंनी जाळी, झगमगीत शर्ट, ड्रोनने शूटिंग. चालवणारा निनाद नावाचा तरुण, कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. सगळ्यांना 'सर' म्हणतो, मला 'काका'. दोन वर्षांपूर्वी त्या लीगच्या एका मॅचमध्ये मी शेवटी शेवटी पेनल्टी दिली. ज्यांच्याविरुद्ध दिली त्यांचा दहा नंबरचा खेळाडू, दाढीवाला, आडदांड, इंग्रजीतून बोलत माझ्याकडे आला. मी पाठ फिरवली. पाठ फिरवणं हाही कामाचाच भाग आहे. त्याने मागून दोन्ही हातांनी ढकललं. माझ्या बुटाचे खिळे त्या प्लास्टिकच्या गवतात रुतलेले होते. पाय तिथेच राहिला आणि मी पुढे गेलो.

गुडघ्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. नंतर फिजिओथेरपी. गाळ्याच्या दोन पायऱ्या मी कित्येक दिवस दिवाणजींच्या खांद्यावर हात टाकून चढत होतो, आणि वडिलांची आठवण यायची, की हा माणूस अशाच पायऱ्या पाठीवर पोतं घेऊन चढला.

खर्च सगळा माझा. मैदानावर रेफ्रीला काही झालं तर ते कुणी पाहायचं, हे कुठेच ठरलेलं नव्हतं. खेळाडूंचा विमा होता, त्यांच्या कंपन्यांचा. मैदानाचा होता. ड्रोनचासुद्धा होता. दहा नंबरला एका मॅचची बंदी झाली आणि त्याने माफीचा ईमेल पाठवला. इंग्रजीत. शोभाने मला वाचून दाखवला. स्पर्धेशी संबंधित सर्वांची त्याने माफी मागितली होती, प्रायोजकांची, प्रेक्षकांची. माझं नाव त्यात नव्हतं.

"आहेस ना तू 'सर्वांमध्ये'," मी ईमेलचं सांगितल्यावर पिंटो सर म्हणाले.

"सर, मला ढकललं तेव्हा एकट्याला ढकललं होतं."

मी बरा झालो, चाचणी पास झालो. पुढच्या हंगामाआधी निनादने बोलावलं, कारण शहरात रेफ्री कमी आहेत. मी मनाशी ठरवून गेलो: सगळ्या रेफ्रींचा विमा, मैदानाशी एक रुग्णवाहिका, आणि माझ्या गुडघ्याचा खर्च. त्यांचं ऑफिस वरच्या मजल्यावर होतं. काचेची खोली, यंत्रातली कॉफी. निनाद म्हणाला, "काका, तुमचा पॉइंट एकदम व्हॅलिड आहे. फक्त या वर्षी बजेट फ्रीज झालंय. नेक्स्ट सीझन नक्की बघू."

आता इथे मी जे केलं ते फक्त यार्डातला माणूसच करील. मी उठलो. आमच्याकडे सौदा अडला की आडत्या उठतो, धोतर झटकतो, चार पावलं चालतो, आणि पाचव्या पावलाला मागून हाक येते, "अहो, बसा हो शेठ!" हाक येतेच. मी उठलो, दार लोटलं, चार पावलं चाललो. पाचवं टाकलं. हाक आली नाही. लिफ्टपाशी पोहोचलो. लिफ्ट आली. मी वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. लिफ्ट गेली. पुन्हा आली, तेव्हा मी दुसऱ्या बुटाची नाडी बांधत होतो. आतल्या बाईंनी विचारलं, "अंकल, यायचंय का?" मी गेलो.

खाली येईपर्यंत चूक कळली होती. हाक त्याला येते ज्याचा माल टिकणारा असतो. ज्याचा माल संध्याकाळपर्यंत नासणार, त्याला कुणी हाक मारत नाही; तोच परत येतो. शिट्टीवाचून रविवार कुणाचा नासणार होता? माझा. निनादला ते माझ्याआधी कळलं होतं.

मी त्या लीगवर बहिष्कार टाकला. लीग मजेत चालली. मी रविवारी गाळ्यावर बसू लागलो आणि सगळ्यांना पळता भुई थोडी केली. काटा चुकतोय, थप्पी वाकडी लागली, चहा गार आहे. शेवटी दिवाणजी हात जोडून म्हणाले, "मालक, शहरात कुठंच मॅच नाही का हो आज?"

अशाच एका रविवारी पिंटो सर गाळ्यावर आले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालीत, तरी अंगात तोच पांढरा टी-शर्ट. ते त्या लीगमध्ये शिट्टी वाजवत होते, मला माहीत होतं, आणि म्हणून मी त्यांच्याशी बोलत नव्हतो.

"फायनल मला दिली," ते म्हणाले.

"अभिनंदन."

"असं तोंड करून करतात का अभिनंदन?"

मग मी सुटलो. "सर, तुम्ही लोक जाता म्हणून आपला भाव पडतो. मी एकटा माल रोखून धरतो आणि तुम्ही मागच्या दाराने ओतता. ज्याचा माल नासतो तो हरतो, एवढं साधं आहे. त्यांचं काही नासत असेल तेव्हाच ते ऐकतील. तुमच्या वयात उद्या कुणी ढकललं तर कोण उचलणार तुम्हाला? निनाद?"

सर चहा पीत राहिले. बाजूच्या पोत्यातला एक बटाटा उचलून त्यांनी उलटसुलट करून पाहिला. "हा किती दिवस टिकतो?"

"कोरडा ठेवला तर बरेच दिवस."

"आणि फायनल?"

मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. त्यांनी बटाटा परत ठेवला, माझ्या दुखऱ्या गुडघ्यावर थोपटलं आणि गेले.

फायनलला जायचं नाही असं मी ठरवलं होतं. दुपारी शोभाने विचारलं, "गाडीची चावी हातात घेऊन केव्हापासून बसलाय?" मी गेलो.

जाळीच्या बाहेर उभा राहिलो. आत मांडव, मेजावर पदकं, भला मोठा करंडक. परदेशातून कंपनीचे कुणी बडे साहेब आले होते. बक्षिसं त्यांच्या हातून द्यायची होती आणि लगेच त्यांना विमान गाठायचं होतं. खराडीहून विमानतळ जवळ आहे, पण हे खराडीच्या रस्त्यांना कुणी सांगितलेलं नाही. त्यामुळे निनाद सारखा घड्याळ बघत होता.

मॅच छान चालली होती. पिंटो सर पूर्वीइतके पळत नाहीत, पण चेंडू जिथे जाणार तिथे ते आधीच उभे असतात. उत्तरार्धात बरोबरी असताना दहा नंबरने, होय, त्याच दहा नंबरने, गोल मारला. पण त्याआधी चेंडू त्याने हाताने खाली घेतला होता. मला जाळीबाहेरून दिसलं. सरांनी शिट्टी वाजवली. गोल नाही. तो धावत आला आणि सरांच्या छातीला छाती लावून उभा राहिला. मागून त्याच्या संघाचे चारपाच जण. मग त्याने सरांच्या गळ्यातली शिट्टीची दोरी मुठीत धरली आणि ओढली.

मी जाळीच्या फाटकाशी कधी पोहोचलो मला आठवत नाही. हात कडीवर होता. रेफ्रीच्या परवानगीशिवाय मैदानात कुणी जायचं नाही, हा नियम मी शेकडो लोकांना ऐकवला आहे. गर्दीतून सरांचा हात दिसला. मांडीपाशी, पंजा उघडा, तळवा जमिनीकडे. आम्ही दोघं एकत्र असायचो तेव्हाची आमची खूण. 'थांब. माझ्या ताब्यात आहे.'

मी थांबलो. आयुष्यात इतकं अवघड काही केलं नाही.

सरांनी दोरी सोडवून घेतली आणि लाल कार्ड दाखवलं. दहा नंबर जागचा हलला नाही. मैदानात मांडी घालून बसला. सरांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग चेंडू उचलला, काखेत मारला आणि सावकाश चालत मैदानाबाहेर, थेट माझ्यापाशी आले. मागून निनाद धावत आला.

"सर, सर, काय झालं? मॅच संपली?"

"संपली नाही. थांबवली. बाहेर काढलेला खेळाडू बाहेर जात नाही आणि मला इथे सुरक्षित वाटत नाही. नियमात आहे." मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, "शेठ, आता माल त्यांचा आहे. भाव तू सांग."

मला सांगायला आवडेल की मी शांतपणे बोललो. पण पहिली काही वाक्यं छापण्यासारखी नव्हती. नंतर मी भानावर आलो.

निनादने माझा दंड धरला. "काका, प्लीज, आपण आत केबिनमध्ये बसून बोलू."

इथे वाचकाला एक सांगायला हवं. आमच्या बाजारात पूर्वी भाव रुमालाखाली ठरायचा. आडत्या आणि खरेदीदार उपरण्याखाली हातात हात घालायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचे. त्याला हत्ता म्हणत. समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला स्वतःच्या मालाचा भाव कळायचा नाही. कायद्याने ते बंद झालं, उघड लिलाव आला. बोली मोठ्याने लावायची, सगळ्यांनी ऐकायची.

"केबिन नाही," मी म्हणालो. "इथेच. उघड बोली."

"काका, गेस्ट बसलेत."

"म्हणूनच."

"बरं, बोला."

"पुढच्या हंगामापासून प्रत्येक मॅचला तिन्ही रेफ्रींचा विमा. लीगच्या खर्चाने."

"सीझन संपला की नक्की बघू."

"'नक्की बघू' म्हणजे नाही. लिफ्टपर्यंत जाऊन आलोय मी."

"बरं, विमा. झालं?"

"मैदानाशी रुग्णवाहिका."

"अहो, दर मॅचला कुठून आणू?"

"ड्रोन कुठून आणता?"

त्याने पाहुण्यांकडे पाहिलं. साहेब मनगटावरचं घड्याळ बघत होते. "बरं. रुग्णवाहिका."

"दहा नंबर पुढचा पूर्ण हंगाम बाहेर."

"पूर्ण? अर्धा करू."

"बसतो मी. सर, तुम्हीही बसा. गवत छान आहे."

पिंटो सर खरंच चेंडूवर बसले. निनादने कपाळ पुसलं. "पूर्ण."

"आता हे माइकवर सांगायचं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे," आणि हात पुढे केला. मी तो घेतला. हात हातात असतानाच तो जवळ सरकला, आमच्या हातांवर त्याने दुसरा हात ठेवला, आणि हळूच म्हणाला, "आणि काका, तुमचं ते ऑपरेशनचं... ते मी करतो मॅनेज. बिल पाठवा. फक्त माइकवर नको."

त्याचा तळवा ओला होता. माझ्या बोटांना तो दाब ओळखीचा वाटला. मी हात काढून घेतला. "माइकवर," मी म्हणालो, "नाहीतर राहू दे."

राहिलं.

निनादने दोन गोष्टी माइकवर जाहीर केल्या, इंग्रजीत, हसऱ्या चेहऱ्याने, जणू महिनाभर हेच ठरत होतं. दहा नंबरचं त्याने त्याला स्वतः जाऊन सांगितलं. साहेबांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. दहा नंबर बाहेर गेला. जाताना माझ्याकडे बघून काहीतरी बोलला, ते ईमेलमधल्यासारखं नव्हतं. सरांनी शिट्टी वाजवली, दहा खेळाडूंचा तो संघ हरला, आणि साहेबांचं विमान बहुतेक मिळालं असावं.

घरी आल्यावर शोभाला सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे स्वतःच्या पैशांवर पाणी सोडून दुसऱ्यांचा विमा काढून आलात."

"तत्त्वाचा प्रश्न होता."

"असू दे. पण यार्डात सांगू नका. गाळा बुडेल."

खरं सांगतो, तो हात सोडल्याची चुटपुट मला अजून लागते. पावसाळी हवेत गुडघा दुखला की जास्तच. ते पैसे माझे हक्काचे होते. पण ते तसे घेतले असते, तर यार्डात वडिलांसमोर रुमालाखाली बोटं दाबणाऱ्यांत आणि माझ्यात फरक काय राहिला असता, असा विचार दिवसा येतो. आणि ते पैसे घेऊन गुपचूप बसायला हवं होतं, असाही विचार येतो. दोन्ही विचार जागच्या जागी उभे आहेत. रेफ्री नाही दोघांत.

विमा मात्र झाला. या हंगामापासून त्या लीगच्या मैदानाशी रुग्णवाहिका उभी असते. जुने-नवे रेफ्री सांगतात, ड्रायव्हर मॅच बघायला गाडीच्या टपावर चढतो. मी पाहिलेली नाही. मला त्या लीगने पुन्हा बोलावलंच नाही. कुणी कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पिंटो सरांना बोलावतात, आणि मीच त्यांना म्हणालो, जात जा. आता तुम्ही पडलात तर उचलायला कुणीतरी आहे.

तेव्हा रविवारी मी पुन्हा गाळ्यावर. मागच्याच रविवारी आवक जबरदस्त होती आणि मी एका थप्पीवरून हमालांशी वाद घालत होतो, तेवढ्यात सरांचा फोन आला.

"शेठ, शाळेच्या मैदानावर मुलींची मॅच आहे. लाइनवर धावायला माणूस नाही."

"विमा?"

"नाही."

"रुग्णवाहिका?"

"समोर मेडिकलचं दुकान आहे."

"मानधन?"

"चहा."

"सर, आज आवक बघितलीत का? मला इथून हलता यायचं नाही. एवढ्या लांब एका चहावर कोण येतो? दोन चहा. आणि बिस्किटं."

पलीकडे सर विचार करत होते की नुसतेच हसत होते, कळेना. दिवाणजी काट्यापाशी उभे राहून माझ्याकडे बघत होते.

"एक चहा," सर म्हणाले. "बिस्किटं मुलींना पुरली तर."

"बघतो," मी म्हणालो. "नक्की नाही सांगत."

फोनवर हे एक बरं असतं, समोरच्याचे पाय दिसत नाहीत. गादीखालचे काळे बूट मी केव्हाच बाहेर काढले होते. आणि दुसऱ्याची नाडीही बांधून झाली होती.